बत्तीसचा ब्रेकर आणि आईची पाठ

३ मार्च, सकाळी ८
बायकोचा नवा ओव्हन आला. साडेतीन हजार वॉट. पंधरा तारखेला तिची पहिली मोठी ऑर्डर, चाळीस केक. ती म्हणाली, वायरमनला बोलवू, ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढून घेऊ. मी म्हणालो, गरज नाही. अकरा वर्षं विमा कंपनीत आगीचे क्लेम नाकारतोय, घरं कशी जळतात ते मला विचार. संकल्प: हे काम मी स्वतः करणार.

संध्याकाळी ६
काम झालं. प्लग किटलीशेजारच्या सॉकेटमध्ये खुपसला. चार मिनिटं लागली.

४ मार्च
ओव्हन लावला, किटली लावली, खटका पडला. वर केला, पुन्हा पडला. डीबीत, म्हणजे ब्रेकरांच्या डब्यात बघितलं, ब्रेकर सोळा अँपिअरचा आहे. बायको म्हणाली, एकतर चहा नाहीतर केक, काय ते ठरवा. चहा सोडायला मी काही संत नाही.

५ मार्च
दिवसभर अभ्यास. (ऑफिसात.) साडेतीन हजार भागिले दोनशे तीस, म्हणजे सव्वापंधरा अँपिअर. किटली जवळपास नऊ. एकूण चोवीस. सोळाचा ब्रेकर बिचारा कुठून पुरा पडणार? मोठा हवा. वायरीच्या जाडीचाही एक तक्ता होता: दीड, अडीच, चार, सहा चौरस मिलिमीटर. तो उद्या वाचीन.

६ मार्च
तक्ता राहिला. दुकानात गेलो, बत्तीसचा ब्रेकर मागितला. दुकानदाराने विचारलं, वायर कितीची आहे? मी म्हणालो, तांब्याची. तो म्हणाला, तसं नव्हे, जाडी किती? दीडची असेल तर बत्तीसचा अजिबात लावू नका, आधी वायर बदला. ह्या लोकांना वायरींची भेंडोळी खपवायची असतात. मी ऐकून घेतलं आणि ब्रेकर घेऊन आलो.

७ मार्च, दुपारी २
मेन बंद करून ब्रेकर बसवला. ओव्हन, किटली, मिक्सर, सगळं एकदम चालू केलं. खटका पडला नाही!! बायकोकडे बघून भुवई उडवली, पण ती केककडे बघत होती. ब्रेकरखाली लेबल चिकटवलं: ओव्हन. खाली तारीख आणि माझी सही. पुढच्या पिढ्यांना कळायला हवं.

९ मार्च
अनपेक्षित फायदा. डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंतची वायर आईच्या खोलीच्या भिंतीतून जाते आणि आईची कॉट त्याच भिंतीला टेकलेली. आई म्हणाली, दोन दिवस भिंत कशी छान ऊबदार लागते रे, टेकून बसलं की पाठ मोकळी होते. डॉक्टरला सहा वर्षांत जमलं नाही ते मला जमलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं तिने कधी केलं होतं, आठवतही नाही. फार बरं वाटलं.

१० मार्च
आईच्या खोलीतल्या खिळ्याला ओले मोजे टांगले. तासाभरात खडखडीत. बायकोने विचारलं, भिंत का तापते? मी म्हणालो, ओव्हनची उष्णता आहे, कुठेतरी जाणारच. ती म्हणाली, ओव्हन तर पार त्या टोकाला, खिडकीखाली आहे. हिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे. ती रोज दहा-बारा केक करून हात बसवतेय, तेवढं मात्र कौतुकाचं.

११ मार्च
सकाळपासून जळक्या प्लास्टिकसारखा वास. नव्या वस्तूंना येतोच. आई म्हणाली, आज भिंत जरा जास्तच शेकतेय, पण चालेल. मी म्हणालो, उशी घे मध्ये.

१२ मार्च
ऑफिसात एक नग आला. गृहस्थाचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून पठ्ठ्याने त्यात जाड तार घातली. भिंतीतली वायर पेटली, अर्धं घर गेलं. वर तोंड करून क्लेम मागतोय. शेरा मारला: निष्काळजीपणा, नामंजूर. अशा माणसांच्या घरच्यांची कीव येते. दुपारी केक खाल्ला, चॉकलेटचा.

१३ मार्च, दुपारी ४
बायकोचा ऑफिसात फोन. मेन बंद केलाय, वायरमन आलाय, तुम्ही या.
गेलो. आईची कॉट खोलीच्या मध्यभागी ओढलेली. भिंतीवर आईच्या पाठीच्या उंचीवर पिवळट डाग पडलेला. तो मी आधी बघितला नव्हता. वायरमनने पाइपातून वायर ओढली तर तिचं आवरण वितळून पाइपालाच चिकटलेलं. ब्रेकर कोणी बदलला हे त्याने विचारलं नाही. सही वाचली.
एवढंच म्हणाला, साहेब, ब्रेकर ओव्हनसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर तापायच्या आत तो पडला पाहिजे. सोळाचा पडत होता, तो त्याचं कामच करत होता.
मी कॉटवर आईशेजारी बसलो. तिची पाठ चाचपून बघितली. आईने विचारलं, बरं नाही का तुला?

१४ मार्च
ओव्हनला वेगळी लाइन, चारची वायर, वीसचा ब्रेकर. जुनी लाइन अडीचच्या वायरीने नव्याने ओढली, तिला सोळाचा. माझं योगदान: बॅटरी धरली. दोनदा सांगितलं गेलं की उजेड इकडे पाडा. लेबलं बायकोने लिहिली, सही कोणाचीच नाही.

१५ मार्च, संध्याकाळी ५
चाळीसच्या चाळीस केक वेळेवर गेले. किटलीही चालू होती. खटका पडला नाही.
आईची पाठ पुन्हा धरली. भिंत गार पडली, म्हणाली. तुझा तो उपाय फार चांगला होता रे, बंद का केलास? मी म्हणालो, विजेवरचा शेकायचा पट्टा मिळतो, उद्याच आणून लावतो.
बायको आत गेली, रबरी पिशवीत गरम पाणी भरून घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, हिला वायर नाही.
तासभर आईच्या पाठीला धरून बसलोय. डाव्या हाताने लिहितोय.