शेवटच्या ओळीतलं नाव

मी, पुंजाराम बन्सी मरकड, वय ८१, धंदा वग लिहिणे व बसवणे, राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, सकाळचा चहा घेऊन, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणून झालं आहे. मुलगा सुनील सकाळपासून तीनदा दार वाजवून गेला. मी आतून कडी लावली आहे. सोमवारी नगरला माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं कारण नाही, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

१. राहतं घर व मागची सव्वा एकर जमीन सुनीलला. शाळेत असताना ‘वडील काय करतात’ या प्रश्नाला याने ‘शेती’ असं उत्तर दिलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तरी घर त्याचंच. पोस्टातली ठेव सूनबाई सुकन्या हिला. पथ्याचं जेवण तिने मला कधी टोमण्यासकट वाढलं नाही.

२. पेटी आमचे पेटीवाले कै. वैजनाथ यांची मुलगी मोनिका हिला. खालचा सा चिकटतो. दुरुस्त करू नये, हाताला सवय होते.

३. सरकारी पुरस्काराची शाल कोणालाच नाही. माझ्या प्रेतावरही घालू नये. सत्काराच्या दिवशी गोरक्ष मास्तरांनी भाषणात मला ‘हजरजबाबी कवी’ म्हटलं आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. कारण पुढच्या कलमात आहे.

४. ‘चांदणं चावडीवर’ हा वग, ज्यावर माझं नाव चाललं. पाटलाला भर चावडीत जाब विचारणाऱ्या बाईची गोष्ट. गोष्ट माझी, संवाद माझे, बसवला मी. त्यातली सातही गाणी बायडाबाईंची आहेत.

आता सविस्तर. बायडाबाई आमच्या फडात नाचायची आणि गायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. फडाचा ट्रक रस्त्याला लागला की मागे बसून चालीसकट गाणं करायची आणि मुक्कामाला पोचलो की मला सांगायची, मी वहीत उतरवायचो. आमच्यात रीत अशी, की गाणं ज्याचं त्याचं नाव शेवटच्या ओळीत. ‘बायडा म्हणे’ अशी तिची ओळ. १९७४ साली वगाचं पुस्तक छापायचं ठरलं, तेव्हा मी छापखान्यात बसून प्रत्येक गाण्यात ‘बायडा’ खोडून ‘पुंजा’ केलं. म्हणताना मात्रा तेवढ्याच. ठेका जराही हलला नाही. तो हलला असता तर बहुधा माझा हात थांबला असता, असं मी स्वतःला पन्नास वर्षं सांगत आलो. तेही खोटंच.

पुढच्या जत्रेत दुसऱ्या फडाच्या पोरी पुस्तकातून त्यातलं एक गाणं म्हणाल्या. बायडाबाईने शेवटची ओळ ऐकली, घुंगरं सोडली, माझ्यासमोर ठेवली आणि राजूरला भावाकडे निघून गेली. नंतर मी एकही धड वग लिहिला नाही. लोक म्हणायचे, पुंजाराम थकला. थकतोय कसला! गाणी करणारी गेली होती.

५. नात राजनंदिनी हिला माझ्या सर्व वह्या व तालमीत ठेका धरायची काठी. काठी आपटावी, कोणाला मारू नये. मी मारली आहे.

ही पोर आठ वर्षं न्यूयॉर्कला गाण्याच्या नाटकांत आहे. आठ वर्षं दुसऱ्यांची नाटकं सावरली, दिग्दर्शकांच्या मागे वही घेऊन फिरली. आता पहिल्यांदा दिग्दर्शक म्हणून तिचं स्वतःचं नाव लागणार आहे, आणि नाटक आहे ‘चांदणं चावडीवर’, इंग्रजीत. थिएटरवाल्यांनी कागद पाठवला. वीस तारखेच्या आत सही हवी, नाहीतर तिची जागा दुसऱ्या नाटकाला. कागदावर चार रकाने आहेत: गोष्ट कोणाची, बोल कोणाचे, चाल कोणाची, बसवलं कोणी. मी फोनवर म्हणालो, चारही ठिकाणी एकच नाव टाक. ती हसली. “आजोबा, इथं तसं चालत नाही. ज्याचं त्याचं नाव वेगळं. बोल लिहिणारा जिवंत असेल तर त्याच्या परवानगीशिवाय पडदा वर जात नाही.”

बोल लिहिणारी जिवंत आहे. ‘नाही’ म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि ती म्हणाली तर माझ्या नातीची आठ वर्षं माझ्यामुळे पाण्यात. सुनील दाराबाहेरून ओरडतोय, “दादा, करा ना सही! कोण बघायला येतंय अमेरिकेत?” अरे बाबा, तेच मी छापखान्यात म्हणालो होतो.

म्हणून ती गाणी, त्यांचं नाव व सर्व हक्क मी बायडाबाईंना विनाअट परत करतो. वकील म्हणाले ‘देतो’ लिहा. मी लिहिणार नाही. माझं असतं तर दिलं असतं.

तिला निरोप धाडला आहे. दुपारच्या गाडीने येईल, किंवा येणार नाही. भीती मला सोमवारची नाही, या गाडीची वाटते.

६. (दुपारी साडेतीननंतर लिहिलेलं.) ती आली. राजूरहून तीन गाड्या बदलून, वय एकोणऐंशी. मी कडी काढली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. मी वरचं सगळं वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, “पोरगी विंग्रजीत करू दे न्हाईतर चिनीत. शेवटच्या वळीत माझं नाव पायजे.” मी म्हणालो, येईल. तिने परवानगीच्या कागदावर अंगठा केला. माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

७. दुरुस्ती. कलम ४ मध्ये ‘सातही गाणी’ असं लिहिलं आहे, ते बायडाबाईंच्या सांगण्यावरून ‘सहा गाणी’ असं वाचावं. मी लाजेपोटी सगळीच तिच्या नावावर केली होती. वाचताना तिने मला तिथंच अडवलं होतं. तिचे शब्द जसेच्या तसे: “पाटलाच्या घोडीचं गानं तुझं हाय. लई भिकार हाय, पर तुझंच हाय. दुसऱ्याचं मला नगं.”

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

(सही) पुंजाराम बन्सी मरकड

साक्षीदार:
१. गोरक्ष काटे, निवृत्त शिक्षक, शेवगाव. (सही)
२. भीमा घुले, शेजारी, शेवगाव. (सही)

ठिकाण: शेवगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५