निमिषच्या खोलीतले टायर

प्रिय इलाताई,

टेक्स्ट केला असता, पण तू नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून हा लांबलचक ईमेल. मिझुरीतल्या एका गॅस स्टेशनमध्ये बसून लिहितोय. इथली कॉफी म्हणजे... जाऊ दे. तू म्हणशील, मोरू, मुद्द्यावर ये. येतो.

तू सांगितलंस तसा तुझ्या आईबाबांकडे नोव्हायला गेलो. घर विकलं गेलंय, काका-काकू प्लेनोला तुझ्याकडे येणार, त्याआधी निमिषच्या स्पोर्ट्स कारचे ते उन्हाळ्यात लावायचे चार समर टायर गुपचूप उचलून टाकून द्यायचे, एवढंच माझं काम. अपघातात तुझा भाऊही गेला आणि गाडीही, मग टायर कशाला, हे तुझं म्हणणं मला पटलंही होतं.

पण खोलीचं दार उघडलं आणि गरम हवा अंगावर आली. हॉलमध्ये काका कानटोपी घालून टीव्ही बघतात आणि त्या रिकाम्या खोलीत हीटर चालू! पडदे बंद, उन्हानंही रबर खराब होतं म्हणून. हे सगळं निमिषचंच. दर ऑक्टोबरला टायर काढून वर आणायचा. "यार मोऱ्या, हे रबर थंडीत काचेसारखं होतं. गॅरेजमध्ये ठेवलं तर तडे जातात." काकू ओरडायच्या, "अरे, फराळाला वास लागेल!" तरी तो ते कपाटाशेजारी उभे करायचा, वरच्या बाजूला खडूनं खूण करायचा आणि महिन्याला थोडे फिरवायचा, एकाच जागी भार नको म्हणून. त्या वर्षीही सगळं नीट केलं होतं त्यानं. विंटर टायर लावूनच गेला. घसरला तो समोरचा ट्रक.

आता काकू फिरवतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलावी तसे, एक हात खाली, एक वर, "हं, झालं, झालं" म्हणत. आणि ताई, आत येण्याआधी त्या दारावर टकटक करतात. मी तिथेच झोपायचो. वाटलं मला विचारतायत, म्हणून "या ना" म्हटलं, तर केवढ्या दचकल्या! खडूची खूण फिरत फिरत वर आली की त्या दिवशी निमिषच्या आवडीची थालीपीठं लावतात. काका कानटोपी काढून खायला बसतात. त्या खोलीतला वास नुसता रबराचा नाही गं, उन्हात तापलेल्या रस्त्याचा आहे, निमिष आत्ताच गाडी लावून वर आल्यासारखा. मी कुठे चार दिवस टिकत नाही, तुला माहीत आहे. पण महिना उलटला तरी तिथून पाय निघेना.

तरी तुला शब्द दिला होता, म्हणून काल काका-काकू देवळात गेल्यावर टायर माझ्या व्हॅनमध्ये भरले. बाहेर कडाका. हातमोज्याला खडू लागला, तर मी वेड्यासारखा बघत उभा राहिलो, खूण पुसली तर नाही ना. तेवढ्यात ते दोघं परत आले. म्हटलं, आता रडारड होणार. काकू आत गेल्या, निमिषची रजई घेऊन आल्या, टायरांभोवती नीट खोचली आणि पुढच्या सीटवर बसून बेल्ट लावला. "हीटर लाव, मोरू. इलाकडे जायचंय ना?" काका खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "सावकाश चालव रे. मी विमानानं येतो."

आत्ताही काकू व्हॅनमध्येच आहेत. चहा घ्यायला चला म्हटलं, तर मागे टायरांकडे बघत म्हणाल्या, "तू पिऊन ये. इंजिन मात्र बंद करू नकोस, यांना थंडी वाजेल." उद्या पोचतो आम्ही. टायर घेऊन. अपघातानंतर तू त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, म्हणूनच आधी कळवतोय. दारात काकूंना काही विचारू नकोस. ऊन न येणारी एक खोली मोकळी कर. काकूंची मनगटं आता साथ देत नाहीत. इंडियानात त्यांचा डोळा लागलाय असं वाटत होतं, तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "या महिन्याचं राहिलंय. इला फिरवेल."

तुझाच,
सांगितलेलं काम न केलेला,
मोरू