दोन बाजूंचा रिमोट

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यावरून गैरसमज करून घेऊ नका. पत्र लिहितेय कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. परवाही तेच केलंत. गादी कधी येणार आणि आईला कधी पाठवतेस, हे दोन प्रश्न एका दमात विचारलेत, जणू दोघीही एकाच टेम्पोतून यायच्या आहेत, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिलात. आईला माझ्याकडे येऊन महिना होत आला. एवढ्या दिवसांत तिची कंबर कशी आहे हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुमची पाठ कशी आहे ते मात्र मला रोज ऐकावं लागतं.

गादीचं आधी सांगते, कारण तुम्हाला तेवढंच वाचायचं असेल. तुमच्या डॉक्टरांनी सुचवली तीच आहे. आत कापूस नाही, स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत, आणि पलंगाखाली ठेवायचा एक छोटा पंप. रिमोटवर आकडा वाढवला की गादी कडक होते, कमी केला की मऊ. दुखणं वर-खाली होईल तसा आकडा बदलायचा. ती आल्या आल्या तुम्ही सगळ्यात वरचा आकडा लावाल हे मला ठाऊक आहे. लावू नका. जन्मभर फळीवर झोपलात, शाळेच्या मैदानावर पोरांना छाती पुढे, पोट आत करायला लावून उभं केलंत, आणि शेवटी पाठ कशाने गेली, तर बुटाची नाडी बांधताना. मला हसू आलं होतं, लपवत नाही. आई नाही हसली. तर, मधल्या आकड्यापासून सुरुवात करा. उताणे पडा आणि कंबरेखाली हात घालून बघा. हात आरपार सहज जात असेल तर गादी फार कडक, मुळीच शिरत नसेल तर फार मऊ. दुकानात मी दिवसभर हेच सांगत असते आणि गिऱ्हाईकं मुकाट ऐकतात. सांगून काही उपयोग होत नाही तो फक्त तुम्हाला.

आपल्या घरात गादीचं नाव काढायची सोय नव्हती. फळ्या, त्यावर सतरंजी, त्यावर चादर, झालं. माझ्या जन्मानंतर आईची कंबर धरली ती धरलीच. तिने एकदा साध्या कापसाच्या गादीचा विषय काढला, तेव्हा मऊ बिछान्याने माणूस ऐदी होतो असं म्हणून तुम्ही तो तिथेच मिटवलात. मग ती जुना टॉवेल घडी करून कंबरेखाली घ्यायला लागली. तुमचा डोळा लागला की घ्यायची आणि तुम्ही उठायच्या आत कपाटात कपड्यांमागे लपवायची. स्वतःच्या घरात चोरी करावी तशी. एकदा तो तुम्हाला सापडला, आणि नेमके शेजारचे लोक बसायला आले होते. राणीसाहेबांची गिरदी बघा, म्हणत तुम्ही तो सगळ्यांसमोर नाचवलात. सगळे हसले. तीही हसली, दुसरं काय करणार. त्या दिवसापासून टॉवेल बंद झाला. तुम्हाला यातलं काही आठवत नसणार, म्हणून लिहून कळवतेय.

आता दुकानातलं. नाडीचं ते प्रकरण झाल्यावर तुम्ही पट्टा बांधून आलात, आईला बरोबर घेऊन. मी कामावर होते आणि मॅनेजर मागेच उभा होता, म्हणून गोड बोलत होते. आमच्याकडे रोज जोडपी येतात. पुरुष काठावर बसून कलिंगड बडवल्यासारखी गादी बडवतात, बायका पर्स पोटावर धरून ताठ पडतात, आणि तुम्हाला कशी वाटते असं बाईला विचारलं की उत्तर बहुतेक वेळा नवरा देतो. तुम्हीही दिलंत. तिला कडकच लागतं, सवय आहे, असं म्हणालात. एकाच रिमोटवर दोन बाजू वेगवेगळ्या ठेवता येतात, लोक या गादीसाठी एवढे पैसे मोजतात ते त्याचसाठी, हे मी घसा फोडून सांगत होते. तुम्ही रिमोट हातात घेतलात आणि तुमच्या बाजूचा नि तिच्या बाजूचा, दोन्ही आकडे टोकाला नेऊन ठेवलेत. डबलची ऑर्डरही तशीच लिहायला सांगितलीत.

मग मॅनेजर तुम्हाला वॉरंटी समजावायला केबिनमध्ये घेऊन गेला. मी आईला म्हटलं, पड जरा. ती इकडेतिकडे बघत, अंग चोरत पडली. मी तिच्या कंबरेखाली हात घातला तर माझी अख्खी मूठ आत शिरली. इतकी वर्षं ती कंबर अधांतरी होती, बाबा, आणि तुम्ही तिला सवय म्हणत होतात. मी आकडा खाली आणत गेले. पोकळी कमी कमी होत गेली, तिची कंबर माझ्या पंजावर टेकली, आणि तिने असा काही श्वास सोडला की मी घाबरून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती झोपली होती. भर दुपारी, दिव्यांच्या लखलखाटात, पायांत चपला तशाच. मी हात हळूच काढून घेतला आणि कुणी तिकडे फिरकू नये म्हणून पलंगावर 'विकलेला माल' अशी पाटी ठेवली. ती घोरत होती. आई घोरते हे मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात. काय हा तमाशा, ऊठ, लोक बघतायत, असं म्हणत तुम्ही मनगट धरून तिला उठवून बसवलंत. दचकून उठल्यावर तिने आधी काय केलं असेल, तर चादर नीट केली. मला त्या वेळी तुमचा जो राग आला तो अजून आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी काही इच्छा नाही. मला बरं नाही, चार दिवस सोबतीला आई हवी, असं सांगून त्याच संध्याकाळी मी तिला घेऊन आले. धडधडीत थाप होती. मी ठणठणीत आहे.

इथे आल्यावर ती सुखात लोळतेय असं समजू नका. पहिले काही दिवस माझा पलंग सोडून खाली जमिनीवर झोपायची. रोज सकाळी पिशवी भरायची, आज जाते म्हणायची, तुमच्या चहाची आबाळ होत असेल म्हणायची. मी चिडायचे. शेवटी मी तिला ठणकावून सांगितलं की तू आता परत जायचं नाहीस, तुझ्यासाठी गादी मी बघून ठेवलीय, आकडासुद्धा ठरवलाय, आणि रिमोट माझ्या कपाटात राहील म्हणजे तू सवयीने कडक करणार नाहीस. मला वाटलं ती रडेल, मिठी मारेल. कसलं काय. ती भडकली. मी आईला भडकलेलं पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, तू अगदी तुझ्या बापावर गेलीस. त्यांनी कडक ठरवलं, तू मऊ ठरवतेस, मला कुणी विचारणार आहे की नाही. आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुमच्यावर गेलीस हे मला फार लागलं. लागावं असंच होतं ते.

मग मंगळवारी दुकानात ऐन गर्दीच्या वेळी ती दारात हजर. बस पकडून एकटी आली होती. मी पुढे झाले तर म्हणाली, तू तुझी गिऱ्हाईकं बघ. आमच्याकडे एक उंच सेल्समन आहे, त्याला सगळे शिडी म्हणतात. त्याला तिने हाताशी धरलं. चपला काढल्या, एका ओळीने प्रत्येक गादीवर पडली. कुशीवर, उताणी, पुन्हा कुशीवर. लोक बघत होते, खरंच बघत होते, एक बाई तर थांबून बघत होती, आणि आई तशीच पडून राहिली. रिमोट तिच्या हातात होता. शिडीने आकडा सुचवला तर त्याला गप्प केलं. शेवटी तिने जो आकडा निवडला तो तुमचाही नव्हता आणि माझाही नव्हता, माझ्यापेक्षा बराच कडक होता, आणि तोच तिला बरोबर बसला. कंबरेखाली हात मी घालून बघितला. तेवढी परवानगी तिने दिली.

मी पत्र लिहिलं ते त्यानंतर तिने जे केलं त्यासाठी. काउंटरवर जाऊन तिने तुमची ऑर्डर काढायला लावली आणि शांतपणे सांगितलं, यात दोन बाजू लिहिल्यात, त्यातली एक काढा. मी तिला यातलं काही शिकवलेलं नाही, तुम्ही तसं म्हणालच, म्हणून सांगते. तिची गादी माझ्या घरी येऊन पडलीसुद्धा. हे बाबांना तूच कळव असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, तू लिही, मी सांगायला गेले तर ते ये म्हणतील आणि मी जाईन. तेव्हा तिला फोन करू नका आणि घ्यायलाही येऊ नका. परवा टेम्पो तुमच्याकडे येईल. गादी सिंगल आहे. माल चुकला म्हणून उचलून आणणाऱ्यांवर ओरडू नका, माल बरोबर आहे. पलंगाची उरलेली बाजू कशाने भरायची ते तुमचं तुम्ही बघा.

तुमचीच, तुमच्यावर गेलेली,
मुलगी