डाव्या गालावरचा तीळ

मी, खाली सही करणारी फोटो स्टुडिओवाली, दोन मुलांची आई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर हलतंय ते आनंदाने, वयाने नव्हे. साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात घराची मधोमध वाटणी केली होती. आमचे हे गेल्यावर स्टुडिओ विकायचा की ठेवायचा, यावरून थोरल्याने आणि धाकटीने एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं.

वेगवेगळ्या फोटोंतली माणसं कापून एका फोटोत बसवणं हे माझं जन्माचं काम. दूरदेशीचे जावई, देवाघरी गेलेले आजोबा, सगळ्यांना मी एका सोफ्यावर आणलं. माझीच दोघं तेवढी राहिली होती. म्हणून परवा त्यांचे फोटो जोडले. त्याच्यावर उजेड डावीकडून, तिच्यावर उजवीकडून; एका खोलीत दोन सूर्य. मी तिचा फोटो आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटा केला आणि जोडून थोरल्याला पाठवला. लगेच फोन.

"आई, ही कोण बसवलीस माझ्याशेजारी?"

"धाकटी आहे रे."

"काहीतरीच. तिचा तीळ डाव्या गालावर आहे. माझ्या गालावर शाईने तस्साच काढून चिडवायचो मी तिला." मग हळूच, "बरी आहे ना ती?"

धाकटीला सांगितलं, तर म्हणते, "एवढं आठवतं, मग फोन करायला काय झालं होतं त्याला?" पण नाक ओढत म्हणाली. मला कळतं.

सबब, घर आणि स्टुडिओ न वाटता दोघांच्या नावे एकत्र ठेवत आहे. विकणं असो वा ठेवणं, समोरासमोर बसून ठरवावं.

माझी बारीक कात्री फ्रेमवाल्याला द्यावी. "चिकटवलेली माणसं म्हणजे शुद्ध फसवणूक," असं तो मला कायम ऐकवत आला. आता त्याने कुरळ्या केसांचं एक माणूस कापून दाखवावं.

मोत्यांची माळ जाऊबाईंना, त्यांचा डोळा आहे म्हणून. मोती खोटे आहेत, हे त्यांना मी गेल्यावरच कळावं.

जोडलेला फोटो भिंतीवर लावू नये. रविवारी सकाळी दोघं येणार आहेत; तेव्हा मी दोघांचा एकत्र काढेन, तो फोटो भिंतीवर लागेल. खिडकीपाशी खुर्च्या मांडून झाल्या आहेत, उजेड दोघांवर एकाच बाजूने पडेल अशा. इतक्या जवळ, की मधून माझी कात्रीसुद्धा जाणार नाही.

सही: दोघांची आई
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
स्थळ: स्टुडिओ, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: रविवारच्या आधीचा शुक्रवार