मऊ पिवळी चकती पिहलाला

मी साइला पीरायनेन, राहणार नुर्मेस, वय चोवीस. माझं डोकं ठिकाणावर आहे. भीती वाटतेय, पण काय लिहितेय ते कळतंय. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. परत नाही आले तर पुढचं सगळं असं करावं.

घर भाड्याचं आहे. गाडी आणि बँकेत असेल ते नवऱ्याला, वेसाला. शिवणयंत्र सासूबाईंना. त्या मला 'ताटल्या फेकणारी' म्हणतात. म्हणू देत. माझ्या लेकीला, पिहलाला, ताप होता तेव्हा उशाशी त्याच बसल्या होत्या.

आता माझ्या खेळाच्या चकत्यांचं, ज्या लांबून फेकत फेकत खांबावरच्या टोपलीत पाडायच्या असतात. हे नीट वाचा.

लांब फेकायच्या सगळ्या रेइयोकाकांना, त्यांनीच मला हा खेळ शिकवला. जवळून साखळ्यांच्या टोपलीत टाकायच्या तीन पिहलाला. तिन्ही एकाच साच्यातल्या, प्लास्टिक वेगवेगळं. चकचकीत निळी कोरड्या दिवशी. झाडावर आपटली तरी तिला काही होत नाही, पण पावसात साबणासारखी निसटते. पावसात खरखरीत पांढरी घ्या, ओल्या बोटांतही टिकते. लवकर झिजते, झिजू दे.

मऊ पिवळी थंडीची. उन्हात ती लिबलिबीत होते, बोटांतून वेळेवर सुटत नाही. पण बर्फात बाकीच्या दगड होतात आणि ही तेवढी वाकते. काकांनी ती पहिल्यांदा दिली तेव्हा उणे पंधरा होतं.

"हातमोजा काढ गं."

"बोटं गळून पडतील, काका!"

"पडली तर उचलू. दाब."

दाबली, तर वाकली. सगळं तळं गोठलेलं आणि माझ्या अंगठ्याखाली काहीतरी मऊ! मी फेकायचंच विसरले. अजूनही दर हिवाळ्यात तसंच होतं.

वेसा, पिवळी सौनात, त्या तापलेल्या वाफेच्या खोलीत, ठेवायची नाही. जांभळी तू वरच्या फळीवर शेकायला ठेवलीस, ती वितळून तिची टोपी झाली. वर म्हणतोस, "तुझ्यासाठीच गरम करत होतो." माझा राग गेलेला नाही. चकती कोटाच्या आत ठेवायची, अंगाची ऊब पुरते.

डॉक्टरीण म्हणाली, हृदय थंड करून थांबवतात, काम झालं की ऊब देतात, मग ते चालू होतं.

"आपणहून?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा. इतकी वर्षं झाली, तरी मी बघतच राहते."

तेव्हापासून जीव घाबरतो, आणि ते बघायला मिळावं असंही वाटतं.

तीन वर्षांच्या पोरीला आई आठवत नाही म्हणतात. म्हणून चकत्या. पण काका, तिला माझी पकड शिकवू नका. हातात द्या आणि गप्प उभे राहा. नाहीच आवडलं तर तळ्यात दगड मारू दे.

मी घरी आले तर हा कागद रद्द. तिन्ही चकत्या माझ्या. तिच्याशी खेळायला मला लागतील.

नुर्मेस, १४ नोव्हेंबर २०२४
सही: साइला पीरायनेन

आम्ही दोघं समोर बसलो होतो. तिने आमच्यासमोर, स्वतःच्या मनाने सही केली.
इर्या हुओटारी, शेजारीण
तौनो केट्टुनेन, शाळेच्या बसचा ड्रायव्हर