एकालाच सांगितलेलं

माय, उद्या माझं ऑपरेशन आहे. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. फार मोठं काही नाही, असं सगळे सांगतात. सगळे अगदी सारखंच सांगतात, तेच मला खटकतं. सकाळी सर्जन, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि सिस्टर असे तिघं एकदम आले. एकानं बोलायचं, दोघींनी मान डोलवायची. बाहेर ठरवून आलात का, असं अगदी ओठांवर आलं होतं. ही खोड तुझीच.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. ज्वारी काढताना पायाला विळा लागला, जखम चिघळली. देवगावच्या डॉक्टरनं सुई टोचली आणि माझं तोंड सुजलं, श्वास कोंडला. कशीबशी वाचले. मग एसटीनं तू मला औरंगाबादला सरकारी दवाखान्यात आणलंस. तिथं पहिल्या दिवसापासून तुझा कोणावर भरवसा नव्हता. सकाळी एक डॉक्टर यायचा, नंतर दुसरा, मग सिस्टर. आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारायचा, काय झालं, कधी झालं, आधी कुठं दाखवलं. तू खाटेशेजारी जमिनीवर बसून नुसती बघायचीस. "ह्यांचं एकमेकांशी बोलणंच नाय," म्हणायचीस. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई तुझ्या वरताण. "ये लोगां एक-दुसरे कू कुछ बोलतेच नै, बाई," असं म्हणून ती तुझ्या संशयाला खतपाणी घालायची.

मग तू त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलंस. गावातल्या सुईची गोष्ट फक्त सकाळच्या तरुण डॉक्टरला सांगितलीस. त्यानं मान हलवली. त्याच्यानंतर जो कुणी विचारेल त्याच्यापुढं तू गप्प. मलाही दटावलंस, "तू बी बोलू नको. एकाला सांगितलंय ना? बघू दुसऱ्याच्या कानावर जातंय का." मी तापानं अर्धमेली. तरी म्हणाले, "अगं, माझ्या जिवाशी खेळ व्हायचा." "मी हाय ना इथं," तू म्हणालीस.

आणि सिस्टर येते. हातात ट्रे, सुई भरलेली. माझी बाही वर करते. तू उठून तिचं मनगट धरतेस. सगळा वॉर्ड बघतोय.

"सकाळच्या सायबानं तुला काय सांगितलं?"

"कशाबद्दल? हात सोडा, मावशी."

तू सुईची गोष्ट सांगतेस, तशी ती थबकते. "मी मघाशी विचारलं होतं ना तुम्हाला? तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्याला सांगितलं व्हतं की!"

ती ट्रे उचलून निघते. दारात तो तरुण डॉक्टर भेटतो. दोघं हळू आवाजात बोलतात, एकदा आपल्याकडं बघतात. थोड्या वेळानं दोघंही येतात, हसतमुख, दुसरी सुई घेऊन. "आधीचं इंजेक्शनही चाललं असतं, मावशी." "मग बदललं कशाला?" तू विचारलंस. सिस्टरनं माझी बाही वर करून सुई टोचली. ते गेल्यावर तू माझ्या कानाशी लागलीस, "आता दोघं एक झाले गं. आता खरं काय ते कळायचं नाय."

ते बोलत नव्हते तोवर तू चिडलेली होतीस. बोलायला लागले तेव्हा घाबरलीस. माझा पाय बरा झाला, पण सिस्टरच्या पहिल्या सुईत काय होतं ते मला आजही माहीत नाही. डॉक्टर सांगायला विसरला असेल. किंवा त्या सुईतलं औषध गावातल्यापेक्षा खरंच वेगळं असेल आणि तुझी समजूत काढायला बदललं असेल. तू सगळ्यांना सांगितलं असतंस तर ती वेळच आली नसती, हेही तितकंच खरं.

म्हणून इथं मी ती सुईची गोष्ट सगळ्यांना सांगितलीय. सर्जनला, भूलवाल्या बाईंना, झाडून सगळ्या सिस्टरना, फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा. "आजी, आम्हाला सगळ्यांना माहितीये," सिस्टर हसून म्हणाली. मला ते हसणं आवडलं नाही. माझी लेक म्हणते, "आई, किती संशय घेशील? मिळूनच काम करतात ती माणसं." ती भली आहे, सगळ्यांशी गोड बोलते. उद्या सांगतील तिथं, सांगतील तितका वेळ बसून राहील.

हे लिहिलेलं तिला दाखवणार नाही. तिला वाटेल, मी ऑपरेशनला घाबरले. तसं नाही, माय. मी शुद्धीवर नसताना माझ्यासाठी भांडायला कुणी नसेल, त्याला घाबरले आहे.