वाकडी ठेवलेली पट्टी

१० नोव्हेंबर १९८५
सदा आला! न कळवता, एक पिशवी घेऊन. "सुट्टी आहे," म्हणाला. माझ्याकडे न बघताच म्हणाला.
शेजारची मथुरा कुंपणावरून — "माई, झील इलो? मगे विमाना काय आता आपली आपणच उतरतत?" मी हसले — मुलगा विमानतळावर विमानं उतरवायच्याच कामाला. तो आत निघून गेला.

१२ नोव्हेंबर
झाडताना भिंतीवरचा ह्यांचा फोटो वाकडा झाला. सदा समोरच बसला होता. उठला नाही. एरवी काही वाकडं दिसलं की त्याचा हात आधी जायचा — पाट, चटई, पाहुण्यांच्या चपला! माझीच शिस्त. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्या पेन्सिलीसुद्धा एका रेषेत लावून घ्यायच्या. तेच मी त्याला दिलं. किती अभिमान होता मला त्या हातांचा.
जेवला नाही. बांगडा ताटात तसाच.

१५ नोव्हेंबर
कळलं.
मागच्या पडवीत मी नारळ खवत होते. तो आपणहून बोलायला लागला. टॉवरमध्ये प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, फळीवर ओळीने लावलेली. धावपट्टी पुरती मोकळी झाल्याशिवाय कुणालाही उतरू द्यायचं नाही. धावपट्टीवर जीप गेली असेल — घारी हाकलायला जाते — तर त्या ओळीवर एक पट्टी तिरकी ठेवायची. वाकडी दिसली की समजायचं, रस्ता मोकळा नाही.
त्या संध्याकाळी सदाच्या आधीच्या माणसाने ती ठेवली, पण तोंडाने सांगायचं राहिलं. सदा येऊन बसला. वाकडी पट्टी दिसली. सरळ केली.
"आई, मला कळलंच नाही गं. हातानेच केलं."
मग उतरणाऱ्या विमानाला हो म्हणाला.
विमानातले सगळे वाचले. जीप चालवणारा गंगाराम गेला. इथल्या, आपल्या जवळच्या नांदगावचा गंगाराम! सदानेच त्याला तिथे नोकरीला चिकटवलं होतं.

१६ नोव्हेंबर
साहेब म्हणतात, गंगाराम न विचारता धावपट्टीवर गेला. सदाच्या आधीचा माणूस गप्प आहे. पट्टी सदाने सरळ केली, हे कुणालाच ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात चौकशी.
"मी काय सांगू, आई?"
"विचारतील तेवढंच सांग."
"म्हणजे गप्प राहू?"
मी नारळाच्या करवंट्या गोळा करत राहिले. गेलेला काही परत येणार नाही. आणि मला हा एकच आहे.

१९ नोव्हेंबर
रुक्मिणी आली — गंगारामची बायको. कपाळ रिकामं. पायरीवरच बसली, आत येईना.
"माई, तुमचो झील थंयच होतो मा? माझ्या घोवान परवानगी घेतल्यान नाय असा सायब म्हणतत. अवो, तो न इचारता शेजाऱ्याच्या खळ्यात सुदा पाय ठेवी नाय होतो! खरा काय ता सांगात माका. दुसरा काय नको."
"माका काय ठाऊक गो," मी म्हटलं.
"सदाभाव खंय आसत?"
"झोपलोहा."
तिने आतल्या दाराकडे बघितलं. "येतंय," म्हणून उठली. चहा तसाच राहिला.
आत सदा भिंतीकडे तोंड करून उभा होता. सगळं ऐकलं त्याने.

२० नोव्हेंबर
रामरक्षा म्हणवेना. शाळेतली प्रार्थना आठवून पाहिली — तीही अर्ध्यावर अडली.

२२ नोव्हेंबर
सदाला चौकशीसाठी एस.टी.त बसवून आले. शर्टाला स्वतः इस्त्री केली. हातावर दही घातलं. "सांभाळून बोल हं," म्हटलं. त्याने दही चाटलं आणि पिशवी उचलली.
बोलला तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंगसुद्धा. न बोलला तर आयुष्यभर असाच भिंतीकडे तोंड करून राहील. कुठूनही हिशेब घातला तरी माझा मुलगा मला परत मिळत नाही.
फोटो मी सरळ केला. पुन्हा वाकडा दिसतोय. की माझेच डोळे?

२३ नोव्हेंबर
बाळा कंडक्टर परतीच्या गाडीतून ओरडला — "माई! तिकीट काढल्यान शेवटापर्यंतचा, आणि तुमचो सदा नांदगावाकच उतरलो! गंगारामाचा घर खंय, म्हणान इचारी होतो."
अंगात इस्त्रीचाच शर्ट होता का, ते विचारायचं राहिलं.